मनाचा रवंथ

संध्याकाळी गुरे रानातून परततात, गोठ्यात बसतात आणि डोळे अर्धवट मिटून संथपणे रवंथ करू लागतात. दिवसभरात घाईने गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणून ती सावकाश चावतात. दिवसातील सहा ते आठ तास हे काम चालते. त्या चर्वणामुळेच चारा पचतो, दूध होते, अंगात ताकद येते. जनावराच्या बाबतीत रवंथ ही आरोग्याची खूण आहे. गाय रवंथ करीनाशी झाली की मालकाला काळजी वाटू लागते.

माणसाचे मनही रवंथ करते. झालेला अपमान, हुकलेली संधी, बुडालेला पैसा, गेलेले माणूस, तोंडून निसटलेला एखादा शब्द अशा गोष्टी मन पुन्हा पुन्हा वर काढते आणि चघळत बसते. या सवयीसाठी पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनी जो शब्द रूढ केला, त्याचाही मूळ अर्थ रवंथ असाच आहे. मात्र गुरांचा रवंथ आणि मनाचा रवंथ यांत एक मोठे अंतर आहे. गुरांचा चारा चर्वणाने पचतो. मनातील दुःख नुसत्या चर्वणाने पचत नाही, उलट प्रत्येक फेरीत ते अधिक कडू होत जाते. दिवसचे दिवस हा प्रकार चालू राहिला तर साधी खिन्नता हळूहळू नैराश्य या आजाराच्या वाटेला लागू शकते. हे कसे घडते आणि ही वाट कोठे अडविता येते, याची माहिती प्रत्येक कुटुंबास असणे आवश्यक आहे.

विचार कोणता आणि रवंथ कोणता?

विचार करणे ही काही वाईट गोष्ट नव्हे. शेतकरी पावसाचा अंदाज घेऊन पेरणीचा दिवस ठरवितो. गृहिणी महिन्याच्या खर्चाची तोंडमिळवणी करते. शिक्षक मागे पडलेल्या विद्यार्थ्याला कसे शिकवावे याचा विचार करतो. या विचारांना मुक्काम असतो. ते कोठून तरी निघतात आणि एखाद्या निर्णयापाशी येऊन थांबतात. निर्णय कधी चुकतो, परंतु विचार तरी पुढे सरकलेला असतो.

रवंथाला असा मुक्काम नसतो. 'हे माझ्याच वाट्याला का आले?', 'मी असा का आहे?', 'त्या दिवशी मी तसे का बोललो?' अशा प्रश्नांभोवती मन घाण्याच्या बैलासारखे फिरत राहते. या प्रश्नांना उत्तर मिळाले तरी त्या उत्तराने उद्या सकाळी करावयाचे काही हाती लागत नाही. शिवाय या सवयीचे एक फसवे लक्षण असे की, माणसाला आपण प्रश्नाच्या मुळाशी जात आहोत असेच वाटत असते. आपण काळजी करतो म्हणजे काही तरी करीत आहोत, असा त्याचा समज होतो. म्हणूनच ही सवय सहजासहजी सुटत नाही.

दोहोंतील भेद ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. अर्धा तास एखाद्या गोष्टीचा विचार केल्यानंतर पुढे करण्याजोगी एक तरी गोष्ट निश्चित झाली काय, किंवा मन थोडे तरी हलके झाले काय, हे स्वतःला विचारावे. उत्तर 'होय' असेल तर तो विचार होता. उत्तर 'नाही' असेल आणि मन पूर्वीपेक्षा जड झाले असेल, तर तो रवंथ होता.

एका बागायतदाराचे उदाहरण

फोंडा किंवा सत्तरी तालुक्यातील एखाद्या कुळागराच्या मालकाचे चित्र कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. पावसाळ्यापूर्वी पोफळींवर मोरचूद व चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी करावयाची असते. त्या वर्षी फवारणीचा माणूस वेळेवर मिळाला नाही आणि पाऊस चार दिवस आधी आला. पुढे संततधार लागली, बागेत कोळेरोग शिरला आणि कोवळ्या सुपाऱ्यांचा झाडांखाली सडा पडला. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता तोंडावर आहे; मुलीला कॉलेजात घालावयाचे आहे. हे नुकसान खरे आहे आणि त्याचे दुःखही खरे आहे. अशा प्रसंगी दोनचार रात्री झोप उडाली तर त्यात काहीही अस्वाभाविक नाही.

परंतु आठवडे लोटले तरी रात्री दिवा मालवल्यावर एकच विचार सुरू होतो: 'पावसाआधी फवारणी केली असती तर?' येथवर ही गोष्ट वस्तुस्थितीला धरून आहे. पुढची पायरी येते: 'मी नेहमीच उशीर करतो.' मग, 'मला काहीच धड जमत नाही.' मग, 'वडिलांनी राखलेली बाग मी घालविली.' आणि अखेर, 'माझ्यामुळे घरदार रस्त्यावर येणार.' एका चुकलेल्या फवारणीपासून निघालेले मन तासाभरात सगळ्या जन्माचा निकाल लावून मोकळे होते. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी तो बागेत जाण्याचे टाळतो, कारण खाली पडलेली सुपारी पाहवत नाही. सोसायटीच्या कचेरीत जाण्याची लाज वाटते. देवळातील भजनाला जाणे बंद होते. भाऊ भेटावयास आला तर 'बरे वाटत नाही' असा निरोप आतून जातो. पत्नीने जेवणाची आठवण केली तरी तो तिच्यावर खेकसतो आणि मग त्या खेकसण्याचाही पश्चात्ताप रात्रीच्या रवंथात भर घालतो. इकडे उरलेल्या घडांवर दुसरी फवारणी व्हावयाची ती होत नाही. हप्त्यासाठी मुदत मागता आली असती, ती मागितली जात नाही. नुकसान वाढते. 'मला काहीच जमत नाही' या वाक्याला आता जणू पुरावाच मिळतो.

चक्र कसे फिरते

या उदाहरणात नैराश्याच्या चक्राचे सर्व आरे दिसून येतात. पहिला आरा स्मरणाचा. मन उदास असले म्हणजे त्याला उदास आठवणीच अधिक सहजतेने सुचतात. ज्या बागायतदाराने वीस वर्षे बाग उत्तम सांभाळली, त्याला ती वीस वर्षे त्या रात्री आठवतच नाहीत. पूर्वीचे एखादे अपयश, शाळेत खाल्लेला मार, कोणी केलेला उपहास मात्र रांगेने समोर येतो. तो खोटे काही आठवत नसतो. त्याच्या मनात निवड एकतर्फी होत असते.

दुसरा आरा अर्थ लावण्याचा. शेजारी घाईत न बोलता पुढे गेला तर 'त्याला उशीर झाला असेल' असे वाटण्याऐवजी 'तोही मला टाळतो' असे वाटते. एक घटना 'नेहमी' होते आणि एक चूक 'सर्वस्व' होते. तिसरा आरा कृतीचा. काही करण्याची इच्छा मावळते, माणूस घरात बसतो, आणि ज्या लहानसहान गोष्टींतून मनाला समाधान मिळत होते त्या बंद पडतात. चौथा आरा माणसांचा. तीच तीच रडकथा ऐकून आप्तेष्ट थकतात, कोणी चिडून बोलतो, आणि आपण एकाकी आहोत ही रोग्याची समजूत दृढ होते. झोप बिघडते, अन्न जात नाही, अंग दुखते. थकलेल्या शरीरात मन अधिकच खिन्न होते आणि चक्राची पुढची फेरी सुरू होते.

संशोधन काय सांगते

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मनोविकारतज्ज्ञ डॉ. ॲरन बेक (१९२१ ते २०२१) यांनी १९६०च्या सुमारास नैराश्यग्रस्त रुग्णांच्या बोलण्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना असे आढळले की, या रुग्णांच्या मनात काही विचार इतक्या झटकन उमटतात की ते विचार आहेत हे त्यांच्या ध्यानीही येत नाही. ते त्यांना सत्यच वाटतात. हे विचार तीन दिशांना जातात. स्वतःविषयी: 'मी कुचकामी आहे.' जगाविषयी: 'कोणालाही माझी गरज नाही.' भविष्याविषयी: 'यातून काही निष्पन्न होणार नाही.' हे विचार ओळखावे, ते कागदावर मांडावे आणि पुराव्याने तपासावे, या तत्त्वावर बेक यांनी जी उपचारपद्धती उभी केली ती आज जगभर वापरली जाते.

रवंथाचा विशेष अभ्यास सुसान नोलेन-हूक्सेमा (१९५९ ते २०१३) या मानसशास्त्रज्ञ महिलेने केला. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी उत्तर कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. योगायोगाने त्याच्या चौदा दिवस आधीच तिने स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. मन खिन्न झाले असता आपण काय करता, हा तिचा प्रश्न होता. कोणी कामात लक्ष घालीत असे, कोणी मित्रांकडे जात असे, तर कोणी एकटे बसून आपल्या खिन्नतेचाच विचार करीत असे. भूकंपानंतर दहा दिवसांनी व सात आठवड्यांनी त्याच विद्यार्थ्यांची पुन्हा पाहणी करण्यात आली. एकटे बसून खिन्नता चघळण्याची ज्यांना आधीपासून सवय होती, त्यांच्यात सात आठवड्यांनंतरही नैराश्याची लक्षणे इतरांपेक्षा अधिक आढळली. भूकंप सर्वांनी अनुभवला होता. तरी दुःख कोणात किती टिकते यात मनाच्या सवयीचाही वाटा होता.

१९९५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगमालेत खिन्न मनःस्थितीतील काही विद्यार्थ्यांना आठ मिनिटे स्वतःच्या भावनांचा विचार करावयास सांगितले, तर काहींचे लक्ष तेवढाच वेळ बाहेरच्या गोष्टींकडे वळविले. नंतर सर्वांना व्यवहारातील अडचणींवर उपाय सुचविण्यास सांगण्यात आले. स्वतःत गुंतलेल्यांचे उपाय कमी प्रतीचे ठरले. ज्यांचे लक्ष वळविले होते ते खिन्न विद्यार्थी मात्र खिन्न नसलेल्यांच्या बरोबरीने उपाय सुचवू शकले. म्हणजे बुद्धी शाबूत होती; केवळ रवंथाने ती अडवून ठेवली होती. 'आधी नीट विचार करून घेतो, मग उठतो' असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

दोष रोग्याचा नव्हे

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. नकारात्मक विचारांमुळे नैराश्य वाढते याचा अर्थ, नैराश्य हा रोग्याच्या स्वभावाचा दोष आहे किंवा त्याने तो ओढवून घेतला आहे, असा मुळीच नाही. या आजाराची कारणे अनेक आहेत. आनुवंशिकता, कंठग्रंथीचे म्हणजे थायरॉइडचे विकार, दीर्घकाळचे दुखणे, बाळंतपण, दारूचे व्यसन, कर्ज, बेकारी, जवळच्या माणसाचा मृत्यू, घरातील मारहाण ही त्यांपैकी काही होत. गोव्यातील बाळंतिणींची पाहणी करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांत नैराश्य आढळले होते. आर्थिक ओढाताण, पतीकडून होणारी मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे या गोष्टींचा त्याच्याशी संबंध दिसून आला. अशा स्त्रीला 'तू चांगले विचार कर' असे सांगून कर्तव्य संपत नाही. तिची मारहाण थांबविणे हाही उपचाराचाच भाग आहे.

मनाची सवय हे अनेक कारणांपैकी एक कारण आहे. परंतु ते असे कारण आहे की, इतर गोष्टी तत्काळ बदलता आल्या नाहीत तरी तेथे हात घालता येतो. म्हणून त्याचे महत्त्व.

'विचार करू नकोस' हा सल्ला

घरोघरी दिला जाणारा सर्वांत सोपा सल्ला म्हणजे 'फार विचार करू नकोस'. तो प्रेमापोटी दिलेला असतो, पण त्याचा उपयोग होत नाही. औषध घेताना माकडाची आठवण काढू नये, असे पथ्य वैद्याने सांगितले आणि रोग्याला औषधाचा पेला हाती घेताच माकडच दिसू लागले, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली तिचीच शास्त्रीय परीक्षा पाहिली. पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार मनात आणावयाचा नाही, आणि आला तर घंटी वाजवावयाची, असे त्यांनी काही जणांना सांगितले. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर विचार करण्याची मोकळीक दिली तेव्हा, आधी दडपण्याचा प्रयत्न केलेल्यांच्या मनात ते अस्वल इतरांपेक्षा अधिकच येऊ लागले. मनाला रिकाम्या जागेकडे ढकलता येत नाही. त्याला दुसरीकडे जाण्यास वाट द्यावी लागते.

चक्र कोठे तोडावे

पहिला उपाय म्हणजे रवंथ सुरू झाला हे ओळखणे. बहुतेकांची एक ठरावीक वेळ व ठरावीक जागा असते: पहाटे जाग आल्यानंतरचा तास, दुपारी ओसरीवर एकटे बसणे, कचेरीतून घरी येतानाची बस. वेळ कळली की त्या वेळेसाठी आधीच एखादे हाताचे काम योजून ठेवता येते. 'हा विचार आला' एवढे मनाशी म्हणणे हीदेखील सुरुवात असते. विचार येणे आणि विचार खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा उपाय म्हणजे प्रश्न बदलणे. 'का?' या प्रश्नाच्या जागी 'आता काय, केव्हा, कोठे आणि कोणाच्या मदतीने?' हे प्रश्न घ्यावेत. ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठाचे प्राध्यापक एडवर्ड वॉटकिन्स यांनी या भेदावर पुष्कळ काम केले आहे. त्यांच्या मते, अमूर्त प्रश्न मनाला फिरवत ठेवतात, तर ठोस तपशिलाचे प्रश्न त्याला जमिनीवर आणतात. 'माझी बाग का गेली?' याऐवजी 'किती झाडांचे घड अजून शाबूत आहेत?' हा प्रश्न बागेत जाऊन मोजावयास लावतो. मोजण्यासाठी उठावे लागते, आणि उठणे हाच निम्मा उपचार आहे.

तिसरा उपाय कृतीचा. 'मन लागले की काम करीन' असे खिन्न माणूस म्हणतो. अनुभव असा आहे की, काम आधी सुरू होते आणि मन मागाहून येते. हे काम लहान व निश्चित वेळेचे असावे. 'उद्यापासून सर्व सुधारीन' हा संकल्प मोडण्यासाठीच केलेला असतो. 'उद्या सकाळी सात वाजता विहिरीपर्यंत चालत जाईन' हा संकल्प पाळता येतो. पूर्वी ज्यात आनंद वाटत असे अशी एक गोष्ट आणि तुंबून राहिलेले एक लहान काम, अशी रोजची जोडी ठेवावी.

चौथा उपाय म्हणजे काळजीला वेळ नेमून देणे. दिवसा पंधरा मिनिटे ठरवून कागद घेऊन बसावे आणि मनातील गोष्टी लिहून काढाव्यात. ज्यावर काही करता येईल त्यासमोर पुढचे पाऊल लिहावे. ज्यावर काही करता येणार नाही त्यासमोर तशी नोंद करावी. रात्री तेच विचार आले तर 'याची पाळी उद्या दुपारी' असे मनाला सांगता येते. लिहिता न येणाऱ्यांनी विश्वासाच्या माणसाशी बोलावे. मात्र दोघांनी मिळून तेच तेच उगाळत बसणे टाळावे. बोलणे एखाद्या पावलावर संपले पाहिजे. दारूने रात्र निभावते, पण झोप बिघडते व सकाळी खिन्नता वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

हरारेपासून गोव्यापर्यंत

आफ्रिकेतील झिंबाब्वे देशाच्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे. त्याचा अर्थ 'फार विचार करणे'. तेथील लोक मनाच्या दुखण्याला याच नावाने ओळखतात. आपल्याकडील 'तिने फार मनाला लावून घेतले' या बोलीशी त्याचे नाते सहज ध्यानात येते. १९९०च्या दशकात मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांनी हरारे शहरात या दुखण्याचा अभ्यास केला. पुढे १९९६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह गोव्यात 'संगाथ' ही संस्था स्थापन केली. हरारेत २००६ साली डॉ. डिक्सन चिबांडा यांनी आरोग्य केंद्रांच्या आवारात बाके ठेवली आणि प्रशिक्षण दिलेल्या आज्या तेथे बसून लोकांचे ऐकून घेऊ लागल्या. हा 'मैत्रीचा बाक' पुढे जगभर परिचित झाला.

गोव्यातील प्रयोगही तितकाच बोलका आहे. संगाथच्या संशोधकांनी राज्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याची तीव्र लक्षणे असलेल्या ४९५ प्रौढ रुग्णांची निवड केली. निम्म्या रुग्णांना आरोग्य केंद्रातील उपचार देण्यात आले. उरलेल्यांना त्या उपचारांच्या जोडीला स्थानिक समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी मिळाल्या. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेली, परंतु प्रशिक्षण व देखरेख लाभलेली ती सामान्य माणसे होती. रुग्णाच्या घरी वा केंद्रात बसून ते त्याच्या दिवसाची पाहणी करीत, कोणत्या कृतीने मन हलके होते व कशाने जड होते हे त्यालाच शोधावयास लावीत, आणि पुढच्या भेटीपर्यंतचे एक लहान काम ठरवून देत. तीन महिन्यांनंतर भेटी मिळालेल्या रुग्णांपैकी ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. वर्षानंतरही लाभ टिकून होता. तीन महिन्यांनंतरचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. मनाचा आजार हाताळण्यासाठी आवश्यक असलेले धैर्य, चिकाटी व ऐकून घेण्याची शक्ती गावातील साध्या माणसांतही असते, हे या प्रयोगाने सिद्ध केले.

दवाखान्यात केव्हा जावे

दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहणे किंवा कशातही गोडी न वाटणे, आणि त्याबरोबर झोप, भूक, शक्ती, एकाग्रता यांत बिघाड होणे ही नैराश्याची लक्षणे होत. खेड्यांतील अनेक रुग्ण मनाचे काही सांगत नाहीत. अंगदुखी, डोकेदुखी, छातीत धडधड, थकवा अशाच तक्रारी घेऊन ते येतात. तपासणीत काही सापडले नाही तर मनाविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. २०१५-१६ साली बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, दर शंभर प्रौढांपैकी सुमारे पाच जणांना आयुष्यात केव्हा तरी नैराश्य गाठते, आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचतच नाहीत.

उपचाराचा आरंभ जवळच्या आरोग्य केंद्रातूनच करावा. अधिक गरज भासल्यास बांबोळी येथील शासनाच्या मनोविकारशास्त्र व मानवी वर्तन संस्थेत तज्ज्ञांचा सल्ला मिळतो. औषधांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. म्हणून चार दिवसांत फरक पडला नाही किंवा थोडे बरे वाटले, म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाने 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र समुपदेशकाशी बोलता येते.

रवंथ जेव्हा 'मी नसलो तर बरे' या विचारापर्यंत येतो, तेव्हा एक दिवसही थांबू नये. असे कोणी बोलून दाखविले तर ते धमकी म्हणून उडवून लावू नये. त्याला सरळ विचारावे, शांतपणे ऐकावे, एकटे सोडू नये, शेतीची विषारी औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. विचारण्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळण्याचेही कारण नाही. २०१८ पासून अंमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य मानले जाते.

शाळा, कचेरी आणि गाव

शिक्षकांना या कामी फार मोठी संधी आहे. परीक्षेत एका विषयात मागे पडलेला मुलगा 'मी ढ आहे' असे म्हणू लागला, तर 'कोणते उदाहरण अडले?' असे विचारून त्याला तपशिलाकडे न्यावे. त्याची तुलना इतरांशी करून त्याच्या रवंथाला चारा पुरवू नये. कचेरीतील अधिकाऱ्याने हाताखालच्या माणसाची चूक दाखविताना ती चूक कोणती व ती कशी सुधारावी हे सांगावे; चारचौघांत त्याच्या लायकीवर बोट ठेवू नये. टेबलावरचे बोलणे दोन मिनिटांत संपते, पण ऐकणाऱ्याच्या मनात ते महिनोन्महिने चालू राहू शकते. महिला मंडळे, भजनी मंडळे, युवक संघ यांनी येईनासे झालेल्या माणसाची आठवण ठेवावी. 'का आला नाहीस?' असे विचारण्यापेक्षा 'आज सातला जाताना तुझ्या दारात थांबतो' हे सांगणे अधिक मोलाचे.

त्या बागायतदाराच्या घरीही असेच काही घडू शकेल. आरोग्य केंद्रात त्याची तपासणी व्हावी. पत्नीने 'विचार करू नका' म्हणण्याऐवजी 'चला, दोघे मिळून घड मोजून येऊ' असे म्हणावे. भावाने सोसायटीत बरोबर जावे आणि हप्त्यासाठी मुदत मागावी. विभागीय कृषी कार्यालयात पुढच्या हंगामाच्या फवारणीची चौकशी व्हावी. गळालेली सुपारी यामुळे झाडाला परत लागणार नाही, आणि पहिले काही दिवस त्याचे मनही त्यात रमणार नाही. तरीही शाबूत घडांचा आकडा हाती आला म्हणजे 'सर्व गेले' या वाक्यातील 'सर्व' हा शब्द तरी पुसला जाईल. रात्री दिवा मालवल्यावर जुना विचार आला, तर त्याच्याजवळ सकाळचे एक काम ठरलेले असेल. गोठ्यातील गाय रवंथ करीत राहील; धन्याने मात्र झोपावे, कारण त्याला सातला उठावयाचे आहे.